पायरीवरची साळूबाई

जालन्यात मस्तगडच्या बाजारात एखाद्या दुकानाच्या पायरीवर साळूबाई पदर खोचून बसलेली दिसली, की लोकांना कॅलेंडर बघावं लागायचं नाही. महिना बदललेला असायचा. दुकानाची काच लखलखत असायची, आत मालक गादी झटकत असायचा, आणि साळूबाई धड आत नाही, धड बाहेर नाही, अशी बसून रस्त्याकडे डोळे लावून असायची. काच पुसल्याचे महिन्याचे पैसे तिला हवे असायचे. मालकालाही ते द्यायचे असायचे, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण दिवसाची पहिली विक्री, म्हणजे बोहनी, झाल्याशिवाय गल्ल्यातून पैसा काढायचा नाही, हा बाजाराचा नेम होता. संध्याकाळी दिवा लागल्यावर लक्ष्मी घराबाहेर जाऊ द्यायची नाही, हा दुसरा. आणि दुपारी मालक जेवायला घरी जायचा, तो ऊन उतरल्याशिवाय परत यायचा नाही. मग काच पुसणाऱ्यानं पैसे मागायचे तरी कधी?

बोहनी झाल्या झाल्या, हे उत्तर साळूबाईनं शोधून काढलं होतं. तेव्हा गल्ला उघडा असतो, मालकाचं मन मोकळं असतं, आणि दुसरं गिऱ्हाईक अजून आलेलं नसतं. एवढी एकच फट. ती चुकली की उद्या या.

काचा पुसायचा तिचा नवरा, कचरू. जालना जिल्हा झाला त्या साली दोघं पिंपळगाव रेणुकाईहून शहरात आली. गावाकडे जमीन होती, पण ती दोन भावांना पुरून उरेल एवढी नव्हती, तेव्हा थोरल्यानं बाहेर पडावं असं न भांडता ठरलं. कचरू काच-फ्रेमच्या एका दुकानात हमालीला लागला. मोठमोठी तावदानं छातीशी धरून नेता नेता त्याला काचेचा लळाच लागला. पुढं बाजाराचं रूप पालटलं. दुकानदारांनी जुन्या लाकडी फळ्या काढून समोर उंचच उंच काचा बसवल्या. काचा बसल्या खऱ्या, पण जालन्याची धूळ कुणाच्या बापाला ऐकायची नाही, आणि नळाला पाणी यायचं आठवड्याला. दुकानातला पोऱ्या ओल्या फडक्यानं काच पुसायचा आणि काचेवर ढग उमटवून ठेवायचा. कचरूनं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लाकडाला ठोकून घेतली, रद्दी पेपर आणि खडूची पूड पिशवीत घातली, आणि एका तांब्या पाण्यात तीन दुकानांच्या काचा अशा काही पुसल्या, की एक चिमणी येऊन धडकली. त्यानंतर रांगेतल्या दुकानदारांनी त्याला आपणहून बोलावलं.

हात असा सोन्यासारखा, पण पैसे मागायची वेळ आली की कचरूची जीभ टाळूला चिकटायची. महिना भरला की तो मालकासमोर जाऊन उभा राहायचा.

"काय रे कचरू?" मालक विचारायचा.

"काही न्हाई शेट. काच पाहून राह्यलो."

काच पाहून कचरू घरी यायचा. साळूबाई चुलीपुढून विचारायची, "किती आले?" कचरू पाणी मागायचा. असं वर्षभर चाललं. शेवटी साळूबाई म्हणाली, "तुमी काचा पुसा. तोंडाचं काम माझ्याकडं द्या."

तेव्हापासून ती पायरीवर बसू लागली. नुसतं बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. बोहनी लवकर व्हावी ही मालकाइतकीच तिचीही गरज, म्हणून ती गिऱ्हाईकच आत ढकलायची. अप्पारावांचं पातळांचं दुकान रांगेतलं सगळ्यात मोठं. एकदा त्या काचेसमोर एक बाई नवऱ्याची वाट बघत उभी होती.

"कुठून आल्या, बाई?" साळूबाईनं विचारलं.

"जाफराबादहून."

"जीपगाडीनं? हाडं खिळखिळी झाली असतील. मंग उन्हात काहून उभ्या, आत पंखा हाय."

"घ्यायचं काही न्हाई मला. पाहून राह्यले."

"पाहायला पैशे पडतेत व्हय? आमच्या घरच्यांनी काच पुसलीय, म्हणून भाईरून एवढं चांगलं दिसून राह्यलं. आतून किती दिसंल बघा."

बाई आत गेली, पंख्याखाली बसली, आणि नवरा येईपर्यंत एक जांभळं पातळ तिच्या मांडीवर होतं. अप्पारावांनी गल्ल्यातून साळूबाईचे पैसे काढले आणि म्हणाले, "साळूबाई, हे काचंचे देऊ का दलालीचे?"

"दोन्हीचे द्या, शेट. मी न्हाई म्हणाले तर सांगा."

हळूहळू असं झालं की पहिली तारीख जवळ आली, की दुकानदार हाका मारायचे. साळूबाईचा पाय चांगला, ती बसली की बोहनी लवकर होते, असा बोलबाला झाला. ती मनातून सुखावायची. घरी येऊन कचरूला दुकानदारांच्या नकला करून दाखवायची, आणि कचरू आवाज न करता पोट धरून हसायचा.

सत्त्याण्णव सालच्या श्रावणात कचरूला कावीळ झाली. झाडपाला झाला, सरकारी दवाखाना झाला, पण तो उठला नाही. बाजारातली माणसं स्मशानात आली. अप्पारावांनी खांदा दिला. तेरावा झाल्यावर साळूबाईनं भिंतीच्या खिळ्यावरची पिशवी काढली, त्यातली रबराची पट्टी हातात घेऊन बराच वेळ बसली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच बाजारात गेली. कचरूचा हात इतकी वर्षं पाहिलेला. पहिल्या दिवशी काचेवर दोन रेघा राहिल्या, आठवड्यानं एकही राहिली नाही. काचा पुसणं तिला जमलं.

पैशाचं मात्र अडलं.

नवरा गेलेली बाई शुभ कामाच्या वाटेत उभी राहत नाही, हे तिला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. ते तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. लग्नात हळदीच्या वेळी आत्या आपणहून मागच्या अंगणात जायची, कुणी 'जा' म्हणायचं नाही. बोहनी म्हणजे दुकानदाराची रोजची पूजाच. त्या वेळेला हे मोकळं कपाळ घेऊन मी पायरीवर बसले आणि त्या दिवशी गिऱ्हाईक आलं नाही तर? मालक तोंडानं काही बोलणार नाही, पण मनात आणेल. ज्या पायाचा एवढा बोलबाला, त्याच पायाला उद्या नाव ठेवतील. त्यापेक्षा आपणच जाऊ नये. म्हणून ती उजाडता उजाडता काचा पुसून, दुकानं उघडायच्या आत बाजारातून निघून जाऊ लागली.

पैसे मागायला ती दुपारी यायची. दुपारी पोऱ्या म्हणायचा, "शेट जेवाया गेले." बांगड्यांच्या दुकानात धर्मराज दुकानातच जेवायचे, पण जेवण झालं की गल्ल्याला पाठ लावून घोरायचे. त्यांची बायको प्रभावती म्हणायची, "उठवू का?" साळूबाईच 'नको' म्हणायची. एकदा ते जागे सापडले.

"वैनी, सकाळच्या पारी येत जा की. पहिल्यासारखं," ते म्हणाले, आणि बांगड्या कागदात गुंडाळत राहिले.

वर बघितलं नाही, म्हणजे वरवरचं बोलले, असं साळूबाईनं धरलं. धर्मराज तर सगळ्या रांगेत नेमाचा कडक माणूस. दर शनिवारी लिंबू-मिरची बदलायचा. बोहनीच्या आधी नोटेचे सुटेसुद्धा द्यायचा नाही. त्याच्या पायरीवर आता आपण बसायचं?

दसरा गेला, दिवाळी गेली. दोन घरची भांडी धरली होती, त्यावर तिचं आणि लेक उषाचं कसंबसं भागायचं. संक्रांतीनंतर धाकटा दीर कारभारी गावाहून आला. येताना ज्वारीचं पीठ आणि वाळल्या मिरच्या घेऊन आला. माणूस मायाळू, पण त्याच्या मायेला थोडी घाई असायची.

"वैनी, पुसून काय राह्यली, न् मिळून काय राह्यलं? खोलीचा खर्चा निघंना. गावाकडं चला. तुळजाबाई म्हणती, दोघी मिळून करू. तुमाला कुणी काही कमी करणार न्हाई."

"ते मला माहीत हाय, भाऊजी."

"मंग?"

मग काय ते साळूबाईला नीट सांगता येईना. जाऊ तुळजाबाई चांगली, दीर चांगला, भाकरी मिळेल, मानानं मिळेल. पण ती त्यांच्या चुलीवरची असेल. इथं बाजारात कुणाची तरी सून किंवा वहिनी नव्हे, तर काच पुसणारी साळूबाई म्हणून तिला माणसं ओळखत होती. शिवाय उषा पुढच्या वर्षी दहावीला बसणार. ऐन वेळेला तिची शाळा मोडायची?

"पाडव्यापर्यंत पाहते," ती म्हणाली. "तवर पैशे सुटले न्हाई तर येते."

"बराबर. पाडव्याच्या आधी मी न्यायला येतो," कारभारी म्हणाला, आणि जाताना उषाच्या हातात दहाची नोट कोंबून गेला.

फाल्गुन लागला. एका सकाळी नळाला अवेळी पाणी आलं, ते भरण्यात उशीर झाला, आणि साळूबाई बाजारात पोचली तेव्हा ऊन वर आलं होतं. अप्पारावांची काच पुसून ती घाईनं पिशवी भरत होती, तोच गिरिजाबाई समोर उभ्या राहिल्या. गिरिजाबाई म्हणजे अप्पारावांची आई. पंचाहत्तरीच्या, पाठीत वाकलेल्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात किल्ल्यांचा जुडगा. मुलगा पूजा आटपून येईपर्यंत दुकान त्याच उघडायच्या.

"थांब. पळून कुठं राह्यली?"

"पळत न्हाई, माय. भांड्याला जायचंय."

"इतके म्हैने झाले, तुझं तोंड न्हाई पाह्यलं. रोज काच पुसलेली, पुसणारी गायब. अप्पा म्हणतो, भूत येऊन पुसून जातं. तुला पैशे नकोत का?"

"दुपारी येते ना मी. शेट नसतेत."

"दुपारी कुणाला कधी पैशे भेटले? बोहनीची वेळ साधायची, हे तू आम्हाला शिकवलं, आन् तूच विसरली?"

साळूबाईनं बोटानं कपाळ दाखवलं. मग म्हणाली, "असं घेऊन सकाळच्या टायमाला पायरीवर कशी बसू, माय? दुकानाला बरं न्हाई."

गिरिजाबाईंनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं. मग किल्ल्यांचा जुडगा तिच्या नाकासमोर धरला.

"हे कुणाच्या हातात हाय?"

"तुमच्या."

"आन् माझा दादला कुठं हाय?"

साळूबाईचे डोळे त्यांच्या कपाळावरच्या विभूतीकडे गेले.

"अप्पा रांगत होता तवा गेले ते. तवापासून हे कुलूप मी उघडते. पहिली उदबत्ती माझी. गल्ल्याला पहिला हात माझा. गिऱ्हाईक काय वापस गेलं का? आन् गेलं असंल तर भाव पटला न्हाई म्हणून गेलं असंल."

साळूबाईला हसू आलं. श्रावणापासून ती अशी हसली नव्हती. हसता हसता तिनं डोळ्याला पदर लावला. गिरिजाबाई तिकडे लक्ष न देता कुलपाशी झटत राहिल्या.

"अप्पानं तुझे पैशे म्हैन्याच्या म्हैन्याला बाजूला काढलेत. तो घरी धाडणार होता. मीच न्हाई म्हणाले. दुखवट्यातल्या बाईच्या घरी पैशे धाडले तर तिला ते दान वाटंल. म्हणलं, ती मानी बाई हाय, आपल्या पायानं येईल. मला काय माहीत, तू तिकडं भलतंच धरून बसली. बस तिथं."

म्हणजे दोन्हीकडून मान राखणं चाललं होतं, आणि पैसे मधल्यामध्ये अडकले होते. साळूबाई पायरीवर बसली. शेजारच्या दुकानांची कुलपं निघत होती, ओळखीची माणसं बघून बघून जात होती. अप्पाराव आले. "साळूबाई, आली का? मला वाटलं, तू बाजार बदलला," एवढंच म्हणून आत गेले.

गिऱ्हाईक काही येईना. बराच वेळ गेला. मग एक बाई मुलीचं बोट धरून काचेपाशी थांबली, आतलं एक हिरवं पातळ तिनं डोळे भरून पाहिलं. साळूबाईनं तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. आपण बोलावलं आणि ती बाई आपल्या कपाळाकडे बघून मागे सरली तर? बाई पुढं गेली.

"गेली ना?" आतून गिरिजाबाईंचा आवाज आला. "जीभ घरी ठेवून आली का?"

साळूबाई उठली. "मी जाते, माय. शेटचा दिवस खराब नको."

"बस म्हणलं. न्हाईतर असं कर. तूच कर बोहनी."

"मी?"

"पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पहिलं गिऱ्हाईक. ते कोण असावं, हे कुठं लिव्हलंय? हातरुमाल घे एक."

"पैशे मागायला आलेली बाई पैशे देऊन जाईल, माय?"

"मंग तुझे घेऊन जा. आधी हे दे."

अप्पारावांनी रुमालांचा डबा पुढं सरकवला. साळूबाईनं उषासाठी एक फुलाफुलांचा रुमाल निवडला, उलटसुलट केला, शिवण बघितली. अप्पारावांनी भाव सांगितला.

"लई होतेत," साळूबाई म्हणाली.

"बोहनीला घासाघीस करती?"

"बोहनीलाच करायची, शेट. पहिलं गिऱ्हाईक वापस धाडता येत न्हाई तुमाला. कमी करावंच लागंल."

गिरिजाबाई गादीवर टेकल्या आणि मुलाला म्हणाल्या, "दे कमी करून. आली बग जीभ."

कनवटीचे पैसे काढून साळूबाईनं अप्पारावांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते रोजच्यासारखे कपाळाला लावले, गल्ल्यात टाकले, आणि त्याच गल्ल्याच्या कोपऱ्यातून तिची इतक्या महिन्यांची पुडी काढून दिली. त्या कपाळाला लावण्याकडे साळूबाई बघत राहिली. पुडी तिनं न मोजताच पदरात बांधली.

"आता धर्मराजकडं जा," गिरिजाबाई म्हणाल्या.

"तुमी येता का संगं?"

"मी कशाला? मी आले तर तो माझ्याकडं पाहून हो म्हणंल. त्याचा काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी काच पुसून साळूबाई धर्मराजच्या पायरीपाशी थांबली, पण बसली नाही. रात्रभर तिनं एकच विचार केला होता: बसून वाट बघायची तर परत जीभ अडकणार. आपणच गिऱ्हाईक होऊन जायचं. पहिलं गिऱ्हाईक परत धाडत नाहीत. पण धर्मराजनं 'माप नाही' म्हटलं, 'मालच आला नाही' म्हटलं, तर तो परत धाडल्याचाच सभ्य प्रकार. मग पाडव्याला पिशवी खिळ्यावर ठेवून गावाकडे निघायचं.

धर्मराज उदबत्ती ओवाळत होते. प्रभावती डबे पुसत होती. अजून बोहनी झाली नव्हती, हे विचारायला नको होतं. साळूबाई आत गेली.

"भाऊ, पोरीला बांगड्या पाह्यजेत. पाडव्याला."

धर्मराजच्या हातातली उदबत्ती थांबली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मोकळ्या मनगटांकडे, मग भिंतीवरच्या देवाकडे. प्रभावतीचा हातही डब्यावर थांबला. बाहेर एक हातगाडी खडखडत गेली. तेवढा वेळ साळूबाईला फार मोठा वाटला.

धर्मराजनी उदबत्ती खोचली, गादीवर मांडी घातली आणि विचारलं, "माप?"

"माप माहीत न्हाई. माझ्याच हाताएवढा हात हाय तिचा."

"मंग हात पुढं करा."

तिनं हात पुढं केला नाही. धर्मराजनी हिरव्या काचेच्या बांगड्या काढल्या, आणि ती तशीच उभी आहे हे बघून म्हणाले, "वैनी, माप घेतल्याबिगर कशा देऊ? ढिल्या झाल्या तर पोरगी मला बोल लावंल."

साळूबाईनं हात पुढं केला. धर्मराजनी सगळ्याच बायकांचा दाबतात तसा तिच्या अंगठ्याखालचा भाग दाबला, बांगडी पंजावरून अलगद चढवली, मनगटावर एकदा फिरवली, आणि काढून घेतली. "बराबर हाय," म्हणाले, आणि डझनभर मोजून कागदात गुंडाळल्या. साळूबाईनं दिलेले पैसे त्यांनी डोळ्यांना लावले. या वेळी तिनं घासाघीस केली नाही.

मग धर्मराज गल्ला उघडून तिचे पैसे काढत म्हणाले, "मला वाटलं, तुमी नाराज हायेत. कचरूच्या मातीला मी आलो न्हाई म्हणून. मी गेल्तो लोणारला, सासऱ्याकडं. आल्यावर कळलं. तुमचं तोंड पाहायची लाज वाटून राह्यली होती."

"मला तर माहीतबी न्हाई, तुमी आल्ते का न्हाई आल्ते. त्या दिवशी मला कोण दिसत होतं?"

"म्हणून दुपारी डोळे मिटून पडायचं का?" प्रभावती म्हणाली. "वैनी, हे अर्धे जागेच असायचे बरं का. घोरायचं सोंग."

"तू गप," धर्मराज म्हणाले, आणि पैसे दोन्ही हातांनी साळूबाईला दिले.

त्या दिवशी धर्मराजचा धंदा कसा झाला म्हणाल, तर रोजच्यासारखाच झाला. ना फार, ना कमी. साळूबाईला तेवढंच हवं होतं. होळीपर्यंत तिनं सगळी रांग उरकली. आठवडाभर रोज एका पायरीवर बसायची. जिथं बोहनी लवकर व्हायची तिथं चहा घेऊन उठायची. जिथं रखडायची तिथं स्वतःच काहीतरी बारीकसारीक घ्यायची: मेडिकलमधून डोक्याची गोळी, मिठाईच्या दुकानातून शेव, घड्याळाच्या दुकानातून काय घ्यावं ते कळेना, म्हणून घरच्या बंद घड्याळाला सेल घातला आणि ते चालू करून आणलं. एक दुकानदार मात्र तिला बघून खरंच अवघडला. "साळूबाई, तुमी दहा वाजता येत जा, मी बाजूला काढून ठेवतो," म्हणाला. तीही बरं म्हणाली. एखाद्याला जमत नाही तर नाही. त्याची काचही तिनं इतरांसारखीच पुसली.

घरी दिवा लावताना ती देवीचं नाव घ्यायची, कचरूचं घ्यायची, आणि त्यांच्या जोडीला गिरिजामाय आणि धर्मराजभाऊ अशीही नावं घेऊ लागली. उषा हसायची. "आई, हे काय देव हायेत?"

"देव न्हाईत. पण यांनी मला वापस न्हाई धाडलं," साळूबाई म्हणायची.

पाडवा दोन दिवसांवर आला आणि कारभारी ठरल्याप्रमाणे एसटीनं आला. भांडीकुंडी बांधायला दोन रिकामी पोती काखेत मारून. खोलीवर उषा होती. तिनं सांगितलं, आई बाजारात आहे. कारभारी विचारत विचारत अप्पारावांच्या दुकानापाशी पोचला, तर वहिनी पायरीवर पदर खोचून बसलेली.

"वैनी, बांधाबांध झाली का?"

"भाऊजी, थोडं सरका. काच झाकून राह्यली तुमच्यामुळं. गिऱ्हाईकाला आतलं पातळ दिसंना."

कारभारी गोंधळून बाजूला झाला. तेवढ्यात आतून गिरिजाबाईंनी विचारलं, "कोण गं?"

"माझे दीर, माय. मला न्यायला आले."

"न्यायला आले? मंग पाव्हण्याला आत बोलव. उन्हातान्हाचे आले."

कारभारी आत गेला, पंख्याखाली टेकला. पाणी आलं. पोती त्यानं गादीखाली सरकवली. गिरिजाबाईंनी गावाकडचं पीकपाणी विचारलं, तुळजाबाई कशी आहे विचारलं, तिला कोणता रंग आवडतो तेही विचारलं. कारभारीनं सगळ्याची भाबडेपणानं उत्तरं दिली. अप्पारावांनी एकेक पातळ उलगडायला सुरुवात केली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, पण तोपर्यंत पायरीवरून साळूबाई म्हणाली होती, "ते मोरपंखी दाखवा, शेट. तुळजाबाईला उठून दिसंल. मागच्या जत्रेला ती तसंच पाहून वापस आल्ती."

"वैनी, मी तुमाला न्यायला आल्तो," कारभारी केविलवाण्या आवाजात म्हणाला.

"हो ना. पण बोहनी तुमच्याच हातची लिहिली होती."

अप्पाराव तोंड वळवून हसले. कारभारीनं भाव केला, थोडा कमी झाला, पुन्हा केला, आणखी थोडा झाला, आणि मोरपंखी पातळ पुडक्यात बांधलं गेलं. मग अप्पारावांनी गल्ल्यातून साळूबाईचे त्या महिन्याचे पैसे काढून दिले. देताना त्यांनी 'साळूबाई' म्हटलं, वर दोन शब्द हसून बोलले. कारभारी ते सगळं बघत होता. त्याची वहिनी हात पुढं करून पैसे घेत होती, आणि त्यात मागणं कुठंच नव्हतं.

बाहेर आल्यावर दोघं स्टँडकडे चालत निघाली.

"खरंच जमून राह्यलं का, वैनी? का मला दाखवायला?"

"जमून राह्यलं. सगळ्यांनी दिले पैशे. कुणीच बुडवले नव्हते, भाऊजी. मीच दुपारची जात होते."

"एकटं वाटत न्हाई?"

"वाटतं," साळूबाई म्हणाली. "संध्याकाळी लई वाटतं. पण सकाळी पट्टी हातात घेतली की ते कुठंतरी जवळपास हायेत असं वाटतं. गावाकडं आले असते तर तुमी सांभाळलंच असतं. ते मी विसरणार न्हाई. तुळजाबाईलाबी सांगा."

कारभारीनं मान हलवली. एसटी लागली होती. त्यानं पुडकं आणि रिकामी पोती खिडकीतून आत टाकून जागा धरली, मग खाली उतरून परत तिच्यापाशी आला, कारण असं अर्धवट जाणं त्याला बरं वाटेना.

"मंग देवीच्या जत्रेला तरी येताल का?"

"येईन की. उषाला घेऊन येईन. पण दोन दिवसांच्या वर ऱ्हाणार न्हाई, सांगून ठेवते. हितं काचंवर धूळ लई जल्दी बसती."

कंडक्टरनं घंटा मारली. कारभारी चढला, खिडकीतून वाकून त्यानं विचारलं, "पातळाचा भाव बराबर लागला ना, वैनी?"

"बिलकुल," साळूबाई म्हणाली, आणि बस वळेपर्यंत उभी राहिली.